जुन्या युद्धकालीन विमानतळांवरील नाणी व अवशेष : ओळख आणि अन्वयार्थ

१९४२ साली जपानने ब्रह्मदेश जिंकल्यावर चीनला रसद पोहोचविण्याचा खुष्कीचा मार्ग बंद झाला. तेव्हा आसामातील चबुआ, दिनजान, मोहनबारी आदी तळांवरून पूर्व हिमालयाच्या रांगा ओलांडून कुन्मिंगकडे हवाई मालवाहतूक सुरू झाली. १९४५ पर्यंत सुमारे साडेसहा लाख टन माल या मार्गाने गेला आणि शेकडो विमाने नष्ट झाली. अशा तळांच्या परिसरात सापडणाऱ्या वस्तूंची ओळख कशी पटवावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

नाण्यावर साल असते, म्हणून तो सर्वांत भक्कम पुरावा वाटतो. वस्तुतः साल एवढेच सांगते की, नाणे त्यापूर्वी तेथे पडलेले नाही. १९४४ चा भोकाचा पैसा १९५० साली एखाद्या मजुराच्या कनवटीतूनही पडला असेल. युद्धकाळाची खूण धातूत अधिक स्पष्ट दिसते. १९४० पासून रुपयातील चांदी सुमारे ९२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली. अमेरिकेचा १९४३ चा सेंट जस्तलेपित पोलादाचा असल्याने लोहचुंबकास चिकटतो, तर १९४२ ते १९४५ या काळातील तेथील चांदीमिश्रित पाच सेंटच्या नाण्यावर इमारतीच्या घुमटावर टांकसाळीचे मोठे अक्षर असते. ही नाणी येथील चलन नव्हती. त्यामुळे पुरावा म्हणून ती रुपयापेक्षा अधिक बोलकी ठरतात.

बंदुकीच्या रिकाम्या पुंगळीच्या बुडावर कारखान्याची अक्षरे व साल असते. ‘के’ व ‘एफ’ ही रोमन अक्षरे पुण्याजवळील खडकीच्या कारखान्याची. मात्र तेवढ्यावरून तेथे मराठी पलटण होती असा निष्कर्ष काढणे सर्वथा अनुचित होय. पुंगळी कोठे घडली हे त्यावरून कळते, ती कोणी झाडली हे कळत नाही. न उडालेले काडतूस वा बाँब दिसल्यास मात्र ओळखीच्या मोहात न पडता, हात न लावता पोलिसांना कळवावे.

सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे सैनिकाचा ओळखबिल्ला. अमेरिकन बिल्ला धातूचा असून त्यावर नाव, क्रमांक व रक्तगट असतो; निकटच्या नातलगाचा पत्ता असल्यास तो साधारणतः जुलै १९४३ पूर्वीचा समजावा. ब्रिटिश बिल्ले दाबलेल्या तंतूंचे, एक तांबडा गोल व एक हिरवा अष्टकोनी. सैनिक मृत झाल्यास तांबडा नोंदीसाठी काढून घेत आणि हिरवा देहावरच ठेवीत. म्हणून हिरवा बिल्ला आढळल्यास खोदकाम तत्काळ थांबवावे. या मार्गावरील कित्येक वैमानिक आजही बेपत्ता आहेत; बिल्ला उचलून संग्रहात ठेवला, तर त्यांच्यापैकी एखाद्याचा माग कायमचा तुटू शकतो.

वस्तू हलविण्यापूर्वी जागा, खोली व शेजारच्या वस्तू यांची छायाचित्रांसह नोंद करावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यास सर्वसाधारणपणे शंभर वर्षांची अट असल्याने या वस्तूंना त्याचे संरक्षण अद्याप नाही. तथापि १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. चिंच वा आम्ल लावून नाणे उजळविणे कटाक्षाने टाळावे. पोलादी सेंटवरील जस्ताचा थर त्याने निघून जातो.