नोंदसंग्रहाचे द्वार

लिनक्सवर आधारलेल्या डेबियन या मुक्तस्रोत प्रणालीवर संशोधन-नोंदींचे संकेतस्थळ उभारताना दोन भिन्न सेवांची योजना करावी लागते. अपाची ही सेवा वाचकाची मागणी स्वीकारून पृष्ठ पाठविते; पोस्टग्रेस्क्यूएल नोंदींचा सांभाळ करते. पहिलीचे ४४३ क्रमांकाचे पोर्ट जगास खुले असणे अपरिहार्य होय; दुसरीचे ५४३२ क्रमांकाचे पोर्ट मूळ मांडणीत त्याच यंत्रापुरते मर्यादित असते. दुरून काम करण्याच्या सोयीसाठी ही मर्यादा व प्रवेशाचे नियम शिथिल केल्यास अनेक वर्षांच्या नोंदींच्या रक्षणास एक परवलीचा शब्दच काय तो उरतो. ती सोय एसएसएच या कूटबद्ध मार्गाने साधावी. संकेतस्थळाच्या प्रोग्रामचे कार्य नोंदी दाखविण्याचेच असेल, तर त्यासही वाचनापुरताच अधिकार द्यावा. म्हणजे त्यात पुढे दोष आढळला तरी मूळ नोंदी अबाधित राहतात.