कुलूप चकतीला, पहारा गिऱ्हाइकावर

१९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबा या जपानी कंपनीने एचडी डीव्हीडीची यंत्रे बनविणे व विकणे थांबवीत असल्याचे जाहीर केले आणि जवळजवळ दोन वर्षे चाललेले एक व्यापारी युद्ध संपले. सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स आदी कंपन्यांच्या ब्लू-रे चकतीचा जय झाला. या युद्धाची हकीकत सहसा सांगितली जाते ती कोणत्या चकतीत किती माहिती मावत होती, कोणत्या चित्रसंस्थेने कोणाशी करार केला आणि त्या वर्षीच्या जानेवारीत वॉर्नर ब्रदर्सने आपले वजन ब्लू-रेच्या पारड्यात टाकून निकाल कसा लावला, या अंगाने. ती हकीकत खोटी नाही, पण तिच्यात एक गोष्ट गाळलेली असते. एकमेकींच्या जिवावर उठलेल्या या दोन्ही चकत्यांना कुलूप मात्र एकच होते, आणि ते दोन्ही पक्षांनी एकत्र बसून घडविले होते. बाजारात ज्यांचे कशावरही एकमत होत नव्हते, त्यांचे गिऱ्हाइकावर विश्वास ठेवायचा नाही याविषयी पूर्ण एकमत होते.

चकतीतील सुधारणा मोठी होती यात शंका नाही. जुनी डीव्हीडी ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या लेसर किरणाने वाचली जाते. नव्या दोन्ही चकत्यांसाठी ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा किरण वापरला गेला. किरण जितका सूक्ष्म, तितक्या खुणा बारीक आणि दाट कोरता येतात. म्हणून डीव्हीडीच्या एका थरात जेथे ४.७ गिगाबाइट माहिती मावे, तेथे एचडी डीव्हीडीत १५ आणि ब्लू-रेत २५ गिगाबाइट मावू लागली. पडद्यावर १०८० ओळींचे रेखीव चित्र घरबसल्या दिसू लागले. चित्रसंस्थांच्या पोटात गोळा आला तो येथेच. चित्रगृहातील प्रतीच्या जवळ जाणारी प्रत आपण हजारो घरांत पोचविणार, आणि त्या घरांतून तिच्या आणखी किती प्रती निघतील यावर आपला ताबा राहणार नाही, ही त्यांची भीती होती.

ही भीती केवळ लोभातून आली होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८० नंतरचे व्हिडिओ कॅसेटचे दिवस ज्यांना आठवतात त्यांना चोरट्या प्रतींचा सुळसुळाट आठवत असेल; त्यापायी आपल्याकडे १९८४ मध्ये कॉपीराइटचा कायदा दुरुस्त करून शिक्षा वाढवाव्या लागल्या. पण कॅसेटच्या प्रतीला निसर्गाचाच एक लगाम होता. प्रतीची प्रत आणि तिचीही प्रत काढली की चित्र विटत जाई, आवाज खरखरू लागे. अंकांत साठविलेल्या चित्राला हा लगाम नाही. त्याची शंभरावी प्रत पहिलीइतकीच स्वच्छ असते. निसर्गाने जो लगाम काढून घेतला तो गणिताने पुन्हा घालावा, हा कुलपामागचा विचार.

डीव्हीडीवर तसे कुलूप होतेच. ते ४० बिटांच्या किल्लीचे, म्हणजे आजच्या मानाने खेळण्यातले होते. ऑक्टोबर १९९९ मध्ये ते उघडणारी आज्ञावली प्रसिद्ध झाली. तिच्याशी ज्याचे नाव जोडले गेले तो यॉन लेक योहान्सन हा नॉर्वेतील मुलगा त्या वेळी अवघा १५ वर्षांचा होता. आपल्या लिनक्स संगणकावर विकत घेतलेल्या चकत्या पाहता याव्यात, एवढाच आपला हेतू होता असे त्याचे म्हणणे होते. त्याच्यावर खटला झाला. २००३ च्या जानेवारीत खालच्या न्यायालयाने आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अपील न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. स्वतःच्या मालकीची चकती उघडून पाहणे हा गुन्हा होत नाही, असा त्या निकालांचा आशय होता. चित्रसंस्थांनी त्यातून धडा घेतला तो इतकाच, की पुढचे कुलूप अधिक भक्कम हवे.

ते घडविण्यासाठी डिस्ने, वॉर्नर, सोनी, तोशिबा, पॅनासॉनिक, आयबीएम, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट असे आठ धनाढ्य एकत्र आले. एएसीएस या नावाने ओळखली जाणारी त्यांची रचना खरोखरच बुद्धिमान होती. चित्रपट १२८ बिटांच्या किल्लीने बंद केलेला. प्रत्येक यंत्राजवळ स्वतःच्या किल्ल्यांचा जुडगा. प्रत्येक चकतीवर एक सांकेतिक कोष्टक. यंत्राने आपल्या किल्ल्या त्याला लावल्या की चित्रपटाच्या किल्लीपर्यंत जाण्याची वाट सापडते. एखाद्या यंत्राच्या किल्ल्या फुटल्या, तर पुढच्या चकत्यांवरील कोष्टकातून ते यंत्र वगळायचे. म्हणजे काल चालणारे यंत्र नव्या चकतीपुढे आज मुके होते. शिवाय यंत्रापासून पडद्यापर्यंतची तारही कुलूपबंद असावी अशी अट होती. तार जुन्या पद्धतीची असेल, तर चित्र मुद्दाम ९६० बाय ५४० ठिपक्यांवर, म्हणजे चतुर्थांशावर आणण्याची आज्ञा चकतीत घालता येत असे. भारी किंमत देऊन लवकर दूरचित्रवाणी संच घेणाऱ्या हौशी लोकांचे संच नेमके त्या जुन्या तारांचे होते. बहुतेक चित्रसंस्थांनी आरंभी ही आज्ञा वापरली नाही हे खरे, पण टांगती तलवार होतीच.

हे कुलूप किती टिकले? एचडी डीव्हीडीची पहिली यंत्रे २००६ च्या वसंतात विक्रीला आली आणि त्याच डिसेंबरात एका अनामिकाने चकत्या उघडण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याने सांगितलेले कारण मासलेवाईक आहे. त्याने पैसे मोजून चकती घेतली होती, पण त्याचा संगणकाचा पडदा मान्य तारेचा नसल्यामुळे ती चालेना. फेब्रुवारी २००७ मध्ये आणखी एकाने अनेक चकत्यांना एकदम लागू पडणारी किल्लीच शोधून काढली. ती किल्ली म्हणजे सोळा जोड्यांची एक संख्या. कुलूपवाल्यांनी ती जेथे जेथे छापली गेली तेथे वकिलांच्या नोटिसा धाडल्या. १ मे २००७ रोजी डिग या अमेरिकन संकेतस्थळाने नोटिशीला मान देऊन ती संख्या काढून टाकताच वाचकांनी ती इतक्या वेळा पुन्हा लिहिली, की अखेर चालकांनी हात टेकले. लोकांनी ती सदऱ्यांवर छापली, तिला चाली लावल्या. एक संख्या उच्चारणे बेकायदा ठरविण्याचा प्रयत्न यापूर्वी कोणी केला असेल तर तो माझ्या वाचनात नाही.

मग शिक्षा कोणाला झाली? संगणकावर चकती दाखविणाऱ्या एका आज्ञावलीच्या किल्ल्या फुटल्या होत्या, म्हणून त्या रद्द झाल्या. ती विकत घेतलेल्या सर्वांना ती नव्याने उतरवून घ्यावी लागली. न घेतल्यास नव्या चकत्या चालणार नव्हत्या. आणि नव्या किल्ल्यांच्या चकत्या दुकानात येतात न येतात तोच त्याही उघडण्याचे साधन तयार होते. पुढे २०१० मध्ये तारेच्या कुलपाची मूळ किल्लीही फुटली, आणि ते इंटेलला मान्य करावे लागले.

या अपयशाचे कारण अभियंत्यांच्या अज्ञानात शोधू नये. ते प्रश्नाच्या मांडणीतच आहे. सांकेतिक लिपी पत्र पाठविणारा आणि पत्र घेणारा यांच्यातील गुपित तिसऱ्यापासून राखते. येथे पत्र घेणारा आणि ज्याच्यापासून गुपित राखायचे तो, हे एकच गृहस्थ आहेत. चित्रपट त्याच्या घरात, त्याच्याच यंत्रावर उघडायचा आहे. म्हणजे किल्ली त्याला द्यायचीच आहे, फक्त ती दिल्याचे त्याला कळू द्यायचे नाही. जगभरातील लाखो घरांपैकी एका घरातील एका चिकाट्या माणसाला ती सापडली की पुरे, कारण त्याने उघडलेली एक प्रत साऱ्या जगाला पुरते. चोरट्या प्रतीला कुलूप नसते, तारेची अट नसते, प्रदेशाचे बंधन नसते. आरंभी येणारी, पुढे ढकलता न येणारी ‘चोरी करू नका’ ही सूचनासुद्धा दाम मोजणाऱ्यालाच पाहावी लागते! चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचे याहून चोख उदाहरण सापडणे कठीण.

उपाय दुसरा नव्हता असेही नाही. आपल्याकडे मोजर बेअर या कंपनीने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकण्यास काढली. पदपथावरील चोरट्या प्रतीशी किमतीनेच झुंज द्यावी, हा सरळ व्यापारी हिशेब होता. ती कंपनी पुढे बुडाली आणि २०१८ मध्ये अवसायनात निघाली, पण त्याला इतरही कारणे होती. चित्रपट स्वस्त विकण्यावर त्याचे सारे खापर फोडता येणार नाही.

या प्रकरणात सोनीची भूमिका तर विशेष पाहण्याजोगी आहे. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात युनिव्हर्सल या चित्रसंस्थेविरुद्ध सोनीच उभी होती. तिच्या बीटामॅक्स यंत्रावर लोक घरी दूरचित्रवाणीचे कार्यक्रम मुद्रित करीत, त्याला चित्रसंस्थांची हरकत होती. पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या बहुमताने न्यायालयाने सोनीच्या बाजूने कौल दिला आणि घरात बसून पुढे पाहण्यासाठी मुद्रण करणाऱ्या प्रेक्षकाचा हक्क मान्य झाला. पाच वर्षांनी सोनीने कोलंबिया पिक्चर्स ही चित्रसंस्थाच विकत घेतली. यंत्र विकणारा चित्रपटाचा मालक झाला की त्याची मते किती बदलतात, हे ब्लू-रेच्या इतिहासात दिसते.

कारण कुलूप एक असले तरी त्यावर किती साखळ्या घालाव्यात याविषयी दोन पक्षांत थोडा फरक होता. चकतीची एक अधिकृत प्रत घरातील संगणकावर ठेवण्याची मुभा ग्राहकाला द्यावी, हा मुद्दा पुढे करून मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी २००५ मध्ये एचडी डीव्हीडीला पाठिंबा दिला होता. ब्लू-रेने उलट बीडी-प्लस हे दुसरे कुलूप वर चढविले, आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सला तेच हवे होते. एचडी डीव्हीडीवर प्रदेशांची वाटणी नव्हती. ब्लू-रेने जगाचे तीन तुकडे केले. अमेरिका व जपान ‘ए’ त, युरोप ‘बी’ त आणि भारत, चीन, रशिया ‘सी’ त. न्यू जर्सीतील मुलाने आईवडिलांसाठी हौसेने आणलेली अमेरिकन चकती पुण्याच्या यंत्रात न चालण्याचे कारण बहुधा हेच असे. चकती अस्सल, पावती जवळ, यंत्रही अस्सल. गुन्हा एवढाच की सीमा ओलांडली. अधिकृत प्रतीची मुभा पुढे कागदोपत्री आली, पण बाजारात ती कधी रुजली नाही.

आता हा वाद जुना झाला, चकत्या कोण घेतो, असे कोणी म्हणेल. परंतु कुलपाचा खरा त्रास कुलूपवाला निघून गेल्यावर सुरू होतो. २०१६ मध्ये आणखी रेखीव चित्राची अल्ट्रा एचडी ब्लू-रे आली. ती संगणकावर पाहण्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरमधील एसजीएक्स नावाची एक बंदिस्त खोली आवश्यक ठरविण्यात आली. २०२१ पासून इंटेलने घरगुती प्रोसेसरांच्या नव्या पिढ्यांतून ही खोलीच काढून टाकली. परिणामी ज्याने पाच वर्षे चकत्या जमविल्या त्याला नव्या, अधिक वेगवान संगणकावर त्या अधिकृतपणे पाहता येत नाहीत. चकतीवर ओरखडा नाही, किल्लीही फुटलेली नाही. फक्त ज्या भिंतीत कुलूप बसविले होते ती भिंत मालकाने पाडली. घरपोच प्रवाहातून येणाऱ्या चित्रपटांचे तर विचारूच नये. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने आपल्या प्लेस्टेशनवर लोकांनी पैसे देऊन ‘विकत’ घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम काढून टाकणार असल्याचे कळविले. ओरड झाल्यावर नवा करार होऊन ते राहिले, पण विकत या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्नही राहिला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०२४ मध्ये कायदा करून, नुसता परवाना देत असाल तर ‘खरेदी’ म्हणताना तसे स्पष्ट सांगा, असे विक्रेत्यांना बजावले.

कायद्याच्या बाबतीत आपण अमेरिकेचे अनुकरण केले नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. तेथील १९९८ च्या कायद्याने कुलूप मोडणेच बेकायदा ठरविले, हेतू कोणताही असो. मग दर तीन वर्षांनी अध्यापक, ग्रंथपाल, अंधांच्या संस्था यांनी सवलतीसाठी सरकारदरबारी अर्ज करायचे. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ अधिक शहाणपणाचे आहे. स्वामित्वहक्काचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप मोडले तरच दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्याने जे मना नाही अशा कामासाठी मोडले तर गुन्हा नाही. वर्गात शिकविण्यासाठी विकत घेतलेल्या चकतीतील दोन मिनिटांचा तुकडा काढणाऱ्या प्राध्यापकाला हे कलम आडवे येऊ नये.

मात्र त्याच कलमाला एक परंतुक आहे. प्राध्यापकांना कुलूप उघडता येत नसेल आणि त्यांनी दुसऱ्या कोणाची मदत घेतली, तर मदत करणाऱ्याने त्यांचे नाव, पत्ता, ओळख पटण्यास लागणारा सर्व तपशील आणि कुलूप उघडण्याचे प्रयोजन यांची संपूर्ण नोंद ठेवली पाहिजे. महाविद्यालयाजवळच्या कोणत्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात असे नोंदणीपुस्तक ठेवलेले आहे, हे आपल्या प्राध्यापकांनी एकदा जाऊन पाहावे.