पाच दिवसांची उसंत

गेल्या जूनमध्ये मी पाच दिवस हॉस्पिसमध्ये राहून घरी परतलो. हे सांगितले की ऐकणारा ‘परतलो’पाशी अडखळतो. हॉस्पिस म्हणजे शेवटचा मुक्काम, तिथून माणूस परत कसा येईल? माझीही समजूत तीच होती. म्हणून हा अनुभव आणि त्यामागची व्यवस्था इथे मांडतो.

माझा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत उतरला आहे. दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी घ्यावी लागते. रात्री दोनचा गजर लावून पत्नी उठे, गोळी देई, कूस बदलून देई. असे चार महिने चालले. एका सकाळी ओट्यापाशी उभ्या उभ्याच तिचा डोळा लागला आणि दूध उतू गेले. घरी येणाऱ्या नर्सबाईंनी तेव्हा सुचवले, “काका, पाच दिवस आमच्याकडे या. काकूंना जरा उसंत मिळेल.” मी होकार दिला, पण मनात आले, आता मी नकोसा झालो. पत्नीनेही दोन दिवस माझ्या नजरेला नजर दिली नाही.

या सोयीला ‘रेस्पाइट केअर’ म्हणतात. काळजी घेणाऱ्याला विसावा मिळावा म्हणून रुग्णाला ठरावीक दिवस संस्थेत ठेवून घ्यायचे आणि पुन्हा घरी पाठवायचे. अमेरिकेतील ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्यात हॉस्पिसच्या लाभातच तिची तरतूद आहे. एका वेळी सलग पाच दिवसांपर्यंत.

सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या या बाईंनी ‘समग्र वेदना’ ही कल्पना मांडली. शरीराचे, मनाचे, नात्यांचे आणि श्रद्धेचे दुखणे एकमेकांत गुंतलेले असते, ते सुटे करून बरे करता येत नाही, असा तिचा आशय. त्यामुळे रुग्णाबरोबर त्याचे घरही हॉस्पिसच्या काळजीचा भाग ठरले. भारतातील पहिले हॉस्पिस, ‘शांती अवेदना सदन’, १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनांवरील उपचारांची मार्गदर्शिका काढली. औषध दुखू लागल्यावर नव्हे, घड्याळाप्रमाणे द्यायचे, हे तिचे एक मुख्य सूत्र.

माझ्या घरातले घड्याळ मात्र आम्हा दोघांना थकवत होते. हॉस्पिसमधल्या डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, “रात्री उठतं कोण?” मी सांगितले. त्यांनी झोपतानाची मात्रा दुप्पट केली आणि दोनची गोळी बंद केली. मॉर्फिनने होणाऱ्या बद्धकोष्ठतेचे औषध बदलले. मग विचारले, “काका, खरंच किती दुखतं?” तेव्हा कबूल करावे लागले, की पत्नीची झोप मोडू नये म्हणून मी कितीतरी वेळा दात आवळून पडून राहत होतो. “लपवलेलं दुखणं वहीत येत नाही,” ते म्हणाले, “मग मात्रा चुकते.” तिथे मात्र दुखले की मी बेल वाजवत होतो. येणारी नर्स आठ तासांनी घरी जाणार, झोपणार, हे मला ठाऊक होते.

तिसऱ्या संध्याकाळी पत्नी आली. केस धुतलेले, हातात थालीपिठाचा डबा. चार महिन्यांत पहिल्यांदाच ती गोळी न घेता माझ्याजवळ आली होती. आम्ही शब्दकोडे सोडवले आणि एका उभ्या शब्दावरून चांगले भांडलोही. जाताना म्हणाली, “अहो, पहिल्या रात्री दोनला जाग आलीच. मग आठवलं, तिथं कुणीतरी जागं आहे. परत झोपले.”

उसंत तिच्यासाठी होती, असे कागदावर लिहिले होते. पण तिला जागवण्याचे ओझे माझ्या अंगावर होते, तेही त्या पाच दिवसांत उतरले. ज्या लॅटिन शब्दापासून ‘हॉस्पिस’ आला, त्याचा अर्थ यजमान असाही होतो आणि पाहुणा असाही. त्या पाच दिवसांत मी पाहुणा होतो. मला कुणी टाकून दिलेले नव्हते.

कधीतरी तिथे जाईन आणि परतणार नाही, हे आम्हा दोघांना माहीत आहे. त्याबद्दल आता बोलता येते. दोनचा गजर बंद आहे. रात्री दुखले, तर मी तिला हाक मारतो.