परदेशात उतरायचं कुठे?

विमानाची तिकिटं काढून झाली त्याच रात्री आमच्या घरी पहिली खडाजंगी झाली. आम्ही चौघं जाणार होतो : आम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. पाच दिवस रोम आणि नऊ दिवस लंडन, असा बेत होता. सहा वर्षं भिशी लावून आणि माझ्या अर्धवेळ शिक्षिकेच्या पगारातून बाजूला टाकून पैसे साठवले होते. त्यातले निम्म्याहून जास्त तिकिटांतच गेले. उरलेल्या पैशांत खाणं, फिरणं आणि राहणं भागवायचं होतं.

"लंडनचा प्रश्नच नाही," हे म्हणाले. "नऊ दिवस ताईकडे राहू. एक पैसा लागायचा नाही." ताई म्हणजे माझी मावसनणंद. सासूबाईंनीही मान डोलावली. भाचीचं घर असताना हॉटेलात उतरायचं म्हणजे तिचा अपमानच!

मी मात्र गप्प बसले. आमच्या तीन खोल्यांच्या घरात मागच्या लग्नसराईत सात पाहुणे दहा दिवस राहिले होते. घासलेली भांडी वाळायच्या आत पुन्हा ओट्यावर यायची. माझ्या शाळेच्या पेपरांचा गठ्ठा तसाच पडून होता. पाहुणे जाताना म्हणाले, "फार आराम झाला हो!" खोटं कशाला बोलू, रिक्षा वळणाआड गेली तशी मी जमिनीवर बसून रडले होते. ताईचं घर दोन खोल्यांचं, ती सकाळी सातला कामावर जाणारी, हाताखाली बाई नाही. आमचा जो पैसा वाचणार होता, तो तिच्या झोपेतून वाचणार होता.

शेवटी तडजोड झाली. शनिवार-रविवार ताईकडे, बाकीचे दिवस आपल्या पैशांनी. "मग तूच शोध जागा," असं ह्यांनी सांगितलं आणि मी कामाला लागले. त्या दोन महिन्यांत जे कळलं आणि प्रत्यक्ष गेल्यावर जे उमगलं, ते इथे सांगते.

हॉटेलाखेरीज काय काय?

परदेशात राहायचं म्हणजे हॉटेलच, अशी आपली समजूत असते. पण हॉटेलाशिवाय चांगले तीन-चार मार्ग आहेत.

पहिला मार्ग युथ हॉस्टेलचा. ही कल्पना माझ्यासारख्याच एका शिक्षकाची, हे वाचून मला फार मौज वाटली. रिचर्ड शिरमान हे जर्मनीतले शाळामास्तर. 1909 साली मुलांना घेऊन पायी सहलीला गेले असताना वादळ झालं आणि सगळ्यांनी एका गावच्या शाळेत आसरा घेतला. सुटीत शाळा रिकाम्याच असतात, मग मुलांना तिथे का झोपू देऊ नये, असं त्यांच्या मनात आलं. पुढे 1912 साली आल्टेना गावच्या किल्ल्यात कायमचं वसतिगृह सुरू झालं. आज अशी हॉस्टेलं जगभर आहेत. नाव 'युथ' असलं तरी बहुतेक ठिकाणी चाळिशी-साठीच्या माणसालाही घेतात. आपल्याकडच्या युथ हॉस्टेल्स असोसिएशनचं सभासदत्व घेतलं, तर परदेशातल्या संलग्न हॉस्टेलांतही ते चालतं. एका खोलीत सहा-आठ खाटा हे ऐकून घाबरू नका. बऱ्याच ठिकाणी कुटुंबासाठी चार खाटांची वेगळी खोली मिळते आणि सगळ्यांसाठी एक स्वयंपाकघर असतं. आपलं कुलूप आणि टॉवेल मात्र बरोबर न्यावा. कपाट मिळतं, पण कुलूप बहुधा मिळत नाही आणि टॉवेलचं भाडं पडतं.

दुसरा मार्ग विद्यापीठांच्या वसतिगृहांचा. ब्रिटनमध्ये उन्हाळ्याच्या सुटीत विद्यार्थी घरी गेले, की लंडन, ऑक्सफर्ड, एडिंबरा इथल्या खोल्या प्रवाशांना भाड्यानं देतात. खोल्या साध्या, स्वच्छ आणि गावाच्या मध्यावर असतात. अडचण एकच : तिकडची सुटी जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आणि आपली मे महिन्यात. त्यामुळे आमचं काही जमलं नाही. पण ज्यांची मुलं आता शाळेत नाहीत, त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये जावं.

तिसरा मार्ग स्वयंपाकघरासह घर भाड्यानं घेण्याचा. चार माणसं आणि पाच-सहा दिवसांचा मुक्काम असेल, तर हा हिशेब जमतो. मात्र साफसफाईचे पैसे वेगळे लावतात, म्हणून नुसतं रात्रीचं भाडं न बघता शेवटची बेरीज बघावी. दोनच रात्री राहायचं असेल तर हे घर महाग पडतं.

चौथा मार्ग रोममध्ये सापडला आणि सासूबाईंना तोच सगळ्यांत आवडला. पण त्याआधी मी एक चूक केली, ती सांगते.

स्वस्ताईची फजिती

रोममध्ये पहिल्या दोन रात्री मी शहराबाहेरच्या एका लॉजमध्ये जागा घेतली होती. दुसऱ्या जागेपेक्षा ती रात्रीला 22 युरोंनी स्वस्त होती. मी तर खुशीत होते! विमान उशिरा उतरलं आणि आम्ही लॉजवर पोचलो तेव्हा रात्रीचे पावणेदहा झाले होते. दाराला कुलूप. रात्री आठनंतर तिथे माणूस नसतो, आणि उशीर होणार असेल तर आधी कळवून दाराचा आकडा मागून घ्यायचा, हे पावतीच्या तळाला बारीक अक्षरांत लिहिलं होतं. मी ते वाचलंच नव्हतं. सासूबाई पायरीवर बसल्या, मुलगी त्यांच्या मांडीवर झोपली. मालकाला फोन लागून तो येईपर्यंत सव्वा तास गेला. हे एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी कळलं, की तिथून गावात जायला दोन बस बदलाव्या लागतात आणि रात्री परतायला टॅक्सीशिवाय गत्यंतर नाही. दोन रात्रींत 44 युरो वाचवले आणि टॅक्सी-बसवर 50 च्या वर घालवले. तेव्हापासून माझा नियम झाला : खोलीचं भाडं आणि रोजचा जाण्यायेण्याचा खर्च एकत्र मांडल्याशिवाय कुठलीही जागा स्वस्त म्हणायची नाही.

मठातला मुक्काम

तिसऱ्या दिवशी आम्ही जोगिणींच्या मठात गेलो. रोमला शतकानुशतकं यात्रेकरू येत आले. त्यांची सोय करायची मठांची जुनी रीत आहे. आजही कित्येक मठांत पाहुण्यांसाठी खोल्या असतात. 'कासा पेर फेरिए' अशा नावानं त्या शोधाव्यात. धर्म कोणी विचारत नाही. खोलीत दोन लोखंडी खाटा, भिंतीवर क्रूस, टेबल आणि लखलखीत न्हाणीघर. टीव्ही नाही. रात्री अकराच्या सुमारास मुख्य दार बंद होतं, म्हणून रात्री भटकणाऱ्यांनी तिथे जाऊ नये.

मला धाकधूक होती ती सासूबाईंची. पण त्या खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या, "अगं, पंढरपूरला आपण मठात उतरतो, तसंच आहे की हे!" न्याहारी वाढणाऱ्या म्हाताऱ्या सिस्टरला मराठी येईना आणि सासूबाईंना इटालियन. पण तिसऱ्या सकाळी दोघी एकमेकींना आपले सुजलेले गुडघे दाखवत बसल्या होत्या.

एक लक्षात ठेवा. रोममध्ये भाड्याशिवाय नगरपालिकेचा मुक्काम-कर द्यावा लागतो. जागेच्या दर्जाप्रमाणे तो माणशी, दर रात्री साडेतीन ते दहा युरो असतो. दहा वर्षांखालच्या मुलांना तो माफ आहे. बऱ्याच ठिकाणी तो निघताना वेगळा मागतात, म्हणून पैसे राखून ठेवावेत.

लंडनला

लंडनमध्ये आम्ही फिट्झरॉय स्क्वेअरच्या इंडियन वायएमसीएमध्ये दोन खोल्या घेतल्या. 1920 साली भारतीय विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेली ही संस्था. तिथे इतर प्रवाशांनाही घेतात. भुयारी रेल्वेचं स्टेशन चालण्याच्या अंतरावर आणि पानात डाळ-भात! अकरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर भुयारी रेल्वेचं तिकीट पडत नाही, तोही फायदा झाला.

निघण्यापूर्वी

युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी राहण्याच्या जागेचा पुरावा आणि किमान 30,000 युरोंचा आजारपणाचा विमा लागतो. मोठ्या माणसाची फी 90 युरो आहे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. व्हिसा नाकारला गेला तर पैसे बुडू नयेत, म्हणून आधी रद्द करता येईल अशीच जागा घ्यावी. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

जागा घेताना चार गोष्टी विचाराव्यात : न्हाणीघर खोलीत आहे की सामाईक? लिफ्ट आहे का? रात्री किती वाजेपर्यंत माणूस असतो? स्टेशनपासून किती मिनिटं चालायचं?

आणि हो, स्वयंपाकघर मिळालं तरी युरोपात तूप किंवा हापूस नेऊ नका. दुधाचे पदार्थ आणायला तिकडे मनाई आहे आणि आंब्याला सरकारी दाखला लागतो. मेतकूट, भाजणी आणि चटण्या पुष्कळ झाल्या.

आता ताईचं सांगते. शनिवारी सकाळी आम्ही तिच्याकडे गेलो. तिनं पुरणपोळीचा घाट घातला होता, पण कामावर सुट्टी असल्यानं निवांत होती. दुपारभर आम्ही दोघी गप्पा मारत भांडी विसळली. निघताना तिनं मला जिन्यात बाजूला घेतलं आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही नऊ दिवस येणार म्हणून मावशींचा फोन आला, तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती. नाही कसं म्हणू? मग तुमचा फोन आला." पुढे तिला बोलवेना.

परतताना गाडीत ह्यांनी विचारलं, "काय म्हणत होती गं ताई?"

"पुढच्या वेळी नक्की या म्हणाली," मी सांगितलं. ते खोटं नव्हतं. तेही ती म्हणालीच होती.