मोटार-खरेदीतील 'ॲव्हरेज' आणि 'पिकअप' : इंधन-बचत व चालविण्याचा आनंद यांच्या तारतम्याचे विवेचन

प्रस्तावना

मराठी कुटुंबात मोटार विकत घेण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : 'गाडी किती देते?' एका लिटर इंधनात गाडी किती किलोमीटर अंतर कापते, हे त्यातून विचारलेले असते. या गुणाला व्यवहारात 'ॲव्हरेज' असे नाव पडले आहे. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ केवळ 'सरासरी' असा असला तरी आपल्याकडे तो इंधन-बचतीचा पर्याय म्हणून रूढ झाला. दुसरा शब्द 'पिकअप'. पाय दाबताच गाडी किती चपळाईने वेग घेते, हे तो सांगतो. मोटार चालविण्याचा जो आनंद असतो, त्याचे वर्णन करावयास सामान्य ग्राहकाजवळ हाच एक शब्द असतो.

हे दोन गुण परस्परविरोधी आहेत, एक हवा तर दुसरा सोडावा लागतो, असा सार्वत्रिक समज आहे. त्यात तथ्य आहे. परंतु जेवढे मानले जाते तेवढे नाही. या विरोधाची रुपयांतील किंमत ग्राहकाच्या वार्षिक धावेवर आणि त्याच्या रस्त्यावर अवलंबून असते. दोन शेजाऱ्यांनी एकच मोटार घेतली तरी ती एकाला परवडणारी आणि दुसऱ्याला महाग ठरू शकते. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील आसगावसारख्या गावी काम करणारा अध्यापकवर्ग डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नाचे विवेचन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पॅलिओ आणि मल्टिजेट : महाराष्ट्रातील दोन उदाहरणे

फियाट हे नाव महाराष्ट्राला परके नव्हते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट, पुढे 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून दशकानुदशके धावली. याच फियाट कंपनीने २००१ मध्ये 'पॅलिओ' ही छोटी मोटार भारतात आणली. जाहिरातीसाठी सचिन तेंडुलकर होते. १.६ लिटर इंजिनाच्या आवृत्तीची शक्ती सुमारे १०० अश्वशक्ती होती. त्या काळातील छोट्या मोटारीच्या मानाने ती फारच मोठी होती. भक्कम बांधणी, वळणावर न डगमगणारी चाल आणि हाताला नेमकी जाणीव देणारे स्टिअरिंग यांमुळे जाणकार चालकांनी ती उचलून धरली. तथापि बाजारात तिची ख्याती झाली ती 'पिणारी गाडी' म्हणून. एकदा हा शिक्का बसला की भारतीय बाजारात तो पुसला जात नाही. पॅलिओला आरंभी लाभलेली लोकप्रियता टिकली नाही.

या उदाहरणावरून भारतीय ग्राहकाला चालविण्याचा आनंद नकोच असतो, असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. तो घाईचा आहे. त्याच फियाट कंपनीचे १२४८ घनसेंटीमीटरचे 'मल्टिजेट' डिझेल इंजिन काही वर्षांतच घराघरांत पोहोचले. पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यात ते तयार होई आणि २००८ च्या इंडिका व्हिस्टामध्ये ते बसविले गेले. मारुतीने परवाना घेऊन स्वतः बनविलेले हेच इंजिन जानेवारी २००७ मध्ये स्विफ्टमध्ये आले होते. स्विफ्टमध्ये त्याची शक्ती सुमारे ७५ अश्वशक्ती आणि पीळ-बल १९० न्यूटन-मीटर होते. ते इंधन कमी घेई आणि २,००० फेऱ्यांच्या पुढे गेले की गाडी अक्षरशः उसळी मारी. लोकांनी ते डोक्यावर घेतले. आनंद नाकारला गेला नव्हता. अवाजवी वाटणारी त्याची किंमत नाकारली गेली होती. एप्रिल २०२० मध्ये 'बीएस-६' हे प्रदूषणविषयक मानक लागू झाले आणि छोट्या डिझेल इंजिनाला त्या पातळीवर आणण्याचा खर्च न परवडल्यामुळे मारुतीने डिझेल मोटारींचे उत्पादन थांबविले. त्यामुळे छोट्या मोटारीत दोन्ही गुण एकत्र देणारा सर्वांत सोपा पर्याय नव्या गाड्यांच्या बाजारातून गेला.

करप्रणालीचा हातभारही येथे नोंदविला पाहिजे. २००६ च्या अर्थसंकल्पाने ४ मीटरहून कमी लांबीच्या आणि १,२०० घनसेंटीमीटरपर्यंत पेट्रोल किंवा १,५०० घनसेंटीमीटरपर्यंत डिझेल इंजिन असलेल्या मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या रचनेतही हीच सीमारेषा आहे : आतील गाडीवर १८ टक्के, बाहेरील गाडीवर ४० टक्के. म्हणजे १.६ लिटरच्या पॅलिओसारखी कल्पना आज मांडणाऱ्या कंपनीला इंधनाच्या आधी करच आडवा येतो.

'ॲव्हरेज'च्या आकड्याचा भ्रम

जाहिरातीत दिला जाणारा आकडा प्रमाणित चाचणीतून येतो. १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच 'एआरएआय', ही अशा चाचण्या करणारी प्रमुख संस्था होय. तेथे गाडी रस्त्यावर धावत नाही. तिची चाके रुळांवर फिरतात. वातानुकूलन बंद असते, वेग ठरलेल्या आलेखाप्रमाणे वाढतो-घटतो आणि कमाल वेग ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही. दोन गाड्यांची तुलना करण्यास हा आकडा उपयुक्त आहे, परंतु मे महिन्यातील विदर्भात वातानुकूलन लावून चार माणसांसह निघालेल्या गाडीकडून त्याची अपेक्षा करणे व्यर्थ होय. खरा आकडा हवा असल्यास जुनी रीतच बरी : टाकी पूर्ण भरावी, चारशे-पाचशे किलोमीटर चालवावे, पुन्हा पूर्ण भरावी आणि भागाकार करावा.

याहून सूक्ष्म भ्रम 'लिटरमागे किलोमीटर' या परिमाणातच दडलेला आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे रिचर्ड लॅरिक व जॅक सोल यांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तो उघड केला. त्यांचे विवेचन गॅलनमागे मैल या अमेरिकी परिमाणाचे होते. परंतु गणित तेच आहे. १०,००० किलोमीटर धावेसाठी लिटरमागे १२ किलोमीटर देणाऱ्या गाडीला ८३३ लिटर लागतात, १६ देणारीला ६२५. वाचले २०८ लिटर. आता २० देणारी आणि २४ देणारी गाडी घ्यावी. पहिलीला ५०० लिटर लागतात, दुसरीला ४१७. वाचले केवळ ८३. फरक दोन्हीकडे चारच किलोमीटरचा. बचत मात्र अडीचपट वेगळी. बाजारात एका लिटरमागे दोन किलोमीटर अधिक मिळावेत म्हणून आधीच काटकसरी असलेल्या दोन गाड्यांमध्ये महिनोन्महिने डोके घालणारा ग्राहक दिसतो. त्याने तो वेळ अन्यत्र घालविला तरी फारसे बिघडणार नाही. खरी उधळपट्टी टाळायची ती तळाच्या बाजूला, १० ते १४ च्या पट्ट्यात.

धाव किती, यावर सारे

आसगावच्या परिसरात अध्यापन करणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. काही गावातच किंवा पवनीला राहतात. काही मुलांच्या शिक्षणासाठी वा जोडीदाराच्या नोकरीसाठी भंडारा-नागपूरकडे बिऱ्हाड ठेवून 'अप-डाउन' करतात. प्रत्यक्षात लिटरमागे २० किलोमीटर देणारी एक शांत गाडी आणि १५ देणारी एक चपळ गाडी, असे दोन पर्याय आहेत असे समजू. हिशेबापुरता पेट्रोलचा दर १०५ रुपये धरू.

अप-डाउन करणारा अध्यापक रोज १०० किलोमीटर याप्रमाणे २०० दिवस, म्हणजे वर्षाला २०,००० किलोमीटर गाडी चालवितो. त्याला पहिल्या गाडीत १,००० लिटर, दुसरीत १,३३३ लिटर पेट्रोल लागेल. फरक सुमारे ३५,००० रुपयांचा. गावातच राहणाऱ्याची धाव वर्षाला ६,००० किलोमीटर धरल्यास हाच फरक १०० लिटर, म्हणजे १०,५०० रुपये, महिन्याला नऊशेहून कमी. पूर्ण वेतनश्रेणीतील अध्यापकाने चांगल्या गाडीच्या आनंदासाठी महिन्याला नऊशे रुपये मोजले तर त्याला उधळ्या म्हणता येणार नाही. उलट तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या, ज्याचे मानधन महिनोन्महिने रेंगाळते आणि ज्याला नेमणुकीपायी लांबचे गाव धरावे लागते, त्या अध्यापकाला वर्षाचे ३५,००० रुपये हे फार मोठे ओझे आहे. विपर्यास असा की ज्याला रोज दोन-अडीच तास स्टिअरिंगमागे काढायचे आहेत, त्यालाच आनंददायी गाडीची सर्वाधिक गरज असते आणि ती सर्वांत महाग त्यालाच पडते.

हाच हिशेब उलट बाजूनेही करावा लागतो. दीड लाख रुपये अधिक किमतीची, पण २७ किलोमीटर देणारी गाडी २०,००० किलोमीटर धाव असणाऱ्याला वर्षाला सुमारे २७,००० रुपये वाचवून देईल आणि साडेपाच वर्षांत फिटेल. ६,००० किलोमीटरवाल्याला ती फिटावयास अठरा वर्षे लागतील. तोवर गाडी भंगारात गेलेली असेल. कमी धाव असणाऱ्याने केवळ बचतीच्या नावाखाली महाग गाडी घेणे ही बचत नव्हेच.

चालविण्याचा आनंद कशात असतो?

आनंद म्हणजे वेग, असे समीकरण तरुणांच्या मनात असते आणि ज्येष्ठांना त्याचीच धास्ती वाटते. समृद्धी महामार्गावर हे समीकरण तपासता येते. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झालेला हा ७०१ किलोमीटरचा मार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ८० ऐवजी १२० च्या वेगाने जाताना तो सव्वादोनपट होतो. कोणत्याही गाडीचे ॲव्हरेज तेथे ढासळते. आणि आनंद? सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाला करण्यासारखे काही उरत नाही. झोप आवरणे हेच मुख्य काम होऊन बसते.

वैनगंगेच्या खोऱ्यातील आडरस्त्यांवर याच्या नेमके उलट घडते. तेथे वेग ४० ते ७० च्या दरम्यान राहतो. दर थोड्या अंतरावर वळण, गतिरोधक, संध्याकाळी परतणारी जनावरे, आणि धान कापणीच्या दिवसांत खरेदी केंद्राकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या. या रस्त्यावर गाडी हातात बसते की नाही हे ठरविणाऱ्या गोष्टी निराळ्या आहेत : नेमके स्टिअरिंग, सहज पडणारा गिअर, खड्ड्यावरून जाताना न आदळणारे निलंबन, हलके वजन आणि कमी फेऱ्यांवर मिळणारे पीळ-बल. यांपैकी बहुतेक गोष्टी इंधन मागत नाहीत. वजन कमी असणे तर दोन्हीकडे लाभाचे. १९८३ च्या अखेरीस आलेली मारुती ८०० तिच्या इवल्याशा ७९६ घनसेंटीमीटर इंजिनावर चपळ वाटे, ती यामुळेच.

खरा संघर्ष गिअरच्या प्रमाणात होतो. चाचणीतील आकडा उंचावण्यासाठी कंपन्या गिअर 'लांब' ठेवतात, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या कमी पडतात. इंधन वाचते, पण तिसऱ्या गिअरमध्ये गाडी रेंगाळते. हा केवळ मौजेचा प्रश्न नाही. ट्रॉलीच्या मागून ४० वरून ८० वर जावयास एका गाडीला ८ सेकंद आणि दुसरीला १२ सेकंद लागले, तर सरासरी ६० च्या वेगाने पहिली १३३ मीटर आणि दुसरी २०० मीटर अंतर समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूने कापेल. ६७ मीटरचा हा फरक एकेरी रस्त्यावर जिवाशी संबंधित आहे. वेळेवर दुसरा गिअर टाकणारा चालक तो बराच भरून काढू शकतो, हेही खरे. छोटी टर्बो इंजिने यावर उपाय म्हणून आली. सावकाश चालविल्यास ती काटकसरी असतात, पाय दाबला की पितात. एकाच गाडीचे दोन भाऊ दोन वेगळी ॲव्हरेज सांगतात, ते खोटे बोलत नसतात.

इथेनॉलचाही उल्लेख येथे आवश्यक ठरतो. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात ॲव्हरेज काही अंशी घटणे अटळ आहे. मक्याबरोबर तांदळापासूनही इथेनॉल बनते, ही धानाच्या जिल्ह्यातील वाहनधारकाला गमतीची वाटावी अशी गोष्ट.

विजेची मोटार आणि चाचणी-फेरी

विजेच्या मोटारीने हा जुना विरोध पुष्कळसा मोडीत काढला आहे. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉनच्या विद्युत आवृत्तीचे पीळ-बल २४५ न्यूटन-मीटर होते, आणि विद्युत मोटर ते जवळजवळ शून्यापासून देते. १०० किलोमीटरला सुमारे १६ युनिट धरले आणि घरगुती विजेच्या चढत्या टप्प्यांचा विचार करून युनिटला १५ रुपये असा कडक दर लावला तरी किलोमीटरला २ रुपये ४० पैसे पडतात. १५ देणाऱ्या पेट्रोल गाडीला ७ रुपये. मात्र गाडीची मूळ किंमत अधिक, आणि रात्री स्वतःच्या अंगणात जोडणी हवी. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या अप-डाउन अध्यापकाची अडचण नेमकी तीच असते.

विक्रेत्याकडील चाचणी-फेरी बहुधा शहरातील गुळगुळीत रस्त्यावर दहा मिनिटांत आटोपते. ग्राहकाने आग्रह धरून गाडी आपल्या नेहमीच्या रस्त्यासारख्या रस्त्यावर न्यावी, घरची माणसे बसवावी, वातानुकूलन चालू ठेवावे आणि तिसऱ्या गिअरमध्ये ४० वरून पुढे जाऊन पाहावे. नंतर चावी दुसऱ्याच्या हाती देऊन त्याच रस्त्यावरून मागच्या बाकावर बसून परत यावे. चालविण्याचा आनंद एकट्या चालकाचा असतो. निलंबनाचे धक्के आणि इंधनाचा खर्च साऱ्या घराच्या वाट्याला येतो.