कबुलीतील गाळलेली जागा

कबुलीजबाब हा सत्यकथनाचा प्रकार मानला जातो. प्रत्यक्षात त्यात निवडही असते. अमेरिकेतील टेड बंडी याने २४ जानेवारी १९८९ रोजी देहदंड होण्यापूर्वी ३० खुनांची कबुली दिली. मात्र १९६१ मध्ये टकोमा येथून नाहीशी झालेल्या ८ वर्षांच्या मुलीविषयी त्याने अखेरपर्यंत इन्कारच केला. तेव्हा तो १४ वर्षांचा होता व त्याच शहरात राहत होता. (हा गुन्हा त्याचाच, असे सिद्ध झालेले नाही, २०११ मधील डीएनए तपासणीही निर्णायक ठरली नाही.) घराजवळचे, कुटुंबाच्या निकटचे, अगदी लहान मुलांचे खून सांगितले जात नाहीत, असे त्यानेच सुचविले होते.

याला केवळ लज्जा म्हणणे अपुरे आहे. १९८० मधील मुलाखतींत बंडी खुन्याविषयी तृतीयपुरुषात बोलत असे. असा ‘तो’ उभा करण्यासाठी अंतर लागते. बालपणीच्या गल्लीत ते मिळत नाही, तेथे ‘तो’ कोणाचा तरी मुलगा असतो. दस्तयेव्स्कीच्या ‘डेमन्स’मधील स्ताव्रोगिन याउलट नेमका लहान मुलीवरील अत्याचारच छापून वाटू पाहतो. ते प्रकरण संपादक कात्कोव्ह यांनी छापण्यास नकार दिला; ते १९२२ मध्ये प्रकाशात आले.