स्नायूंत दडलेली चरबी

‘माझे वजन तर वाढलेले नाही, मग रक्तात साखर कशी?’ असा प्रश्न अनेक सडपातळ मधुमेहींना पडतो. त्याच्या उत्तराचा एक भाग हातापायांच्या स्नायूंत असतो. जेवणानंतर रक्तातील साखरेचा मोठा वाटा इन्शुलिनच्या मदतीने स्नायू उचलतात. तिथे मेदाचे काही घटक साचले, की इन्शुलिनचा निरोप पेशीला नीट मिळत नाही आणि साखर रक्तातच राहते.

ही चरबी दोन जागी असते: स्नायूंच्या तंतूंमधल्या फटींत आणि खुद्द तंतूंच्या आत.

फटींत एक खास प्रकारच्या मूळ पेशी असतात. २०१० मध्ये जपान आणि कॅनडातील संशोधकांनी त्या ओळखल्या. स्नायूला इजा झाली, की त्या झपाट्याने वाढतात, दुरुस्तीला हातभार लावतात आणि काम संपले, की बहुतेक नष्ट होतात. मात्र दुरुस्ती रखडली, तर ‘पीपीएआर-गॅमा’ हे जनुक सक्रिय होऊन त्याच पेशींच्या चरबीच्या पेशी बनू शकतात. डुशेन या आनुवंशिक आजारात मुलांच्या स्नायूंची जागा हळूहळू चरबी घेते, ती अशीच.

तंतूंच्या आतली चरबी म्हणजे सूक्ष्म थेंबांच्या रूपात ठेवलेले इंधन. हे थेंब फोडणारे एन्झाइम ‘पीएनपीएलए२’ या जनुकाच्या सूचनेनुसार तयार होते. आई आणि वडील दोघांकडूनही हे जनुक सदोष आले, तर इंधन साठते, पण वापरता येत नाही, आणि स्नायू दुबळे होत जातात. हा आजार अतिशय दुर्मीळ आहे.

मग साठा म्हणजे आजारच का? तसे नाही. लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या स्नायूंत मधुमेहींइतकेच मेदाचे थेंब आढळतात, तरीही त्यांच्या शरीरात इन्शुलिन उत्तम काम करते. कारण त्यांचा साठा रोज वापरला जातो आणि पुन्हा भरला जातो.

व्यायामाने वारशात मिळालेली जनुके बदलत नाहीत. कोणते जनुक किती काम करणार, हे मात्र बदलते. नियमित चालण्या-धावण्याने ‘पीजीसी-१ अल्फा’ या जनुकाचे काम वाढते आणि पेशीत मेद जाळणाऱ्या तंतुकणिका वाढतात. वजनकाट्यावर यातले काहीच दिसत नाही. म्हणूनच काटा स्थिर आहे, एवढ्यावर सडपातळ माणसानेही निर्धास्त राहू नये. घरात मधुमेह असेल, तर साखर तपासून घ्यावी आणि रोज पायांना काम द्यावे.